बटण दाबल्यावर कोण येणार? घरातलं इमर्जन्सी बटण निवडताना

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात हल्ली कुणी ना कुणी गाठून विचारतं, "आईला ते गळ्यातलं बटण घ्यायचंय, कुठलं चांगलं?" मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो, तेव्हा ज्यातून आवाज जातो ते सगळं मला कळतं अशी लोकांची समजूत. माझं उत्तर मात्र फारसं कुणाला रुचत नाही. बटण सगळ्यात शेवटी निवडा. आधी तीन गोष्टींचा निकाल लावा: हाक ऐकणार कोण, धावून येणार कोण, आणि आलेला माणूस घरात शिरणार कसा.

हे सगळं मी माझ्या थोरल्या बहिणीसाठी केलं, म्हणून उदाहरणं तिच्याच घरची देतो. ताई ऐंशीच्या घरात. सदाशिव पेठेत, पेरूगेटाजवळच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. लिफ्ट नाही. मुलगा कॅलिफोर्नियात, मी कोथरूडला. गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत. "मला काय धाड भरलीये?" हे तिचं पहिलं वाक्य होतं, आणि बहुतेक घरांत पहिलं वाक्य हेच असतं. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी एवढंच म्हणालो, "ताई, पडलीस तर तू उठशील गं. पण उठता नाही आलं तर कुणाला कळणार आणि कधी?" कामाची बाई सकाळी दहाला येते. रात्री अकराला काही झालं तर मध्ये अकरा तास.

पडण्यापेक्षा पडून राहणं जास्त वाईट, हे घरच्यांच्या लक्षात येत नाही. हाड मोडलेलं नसलं तरी म्हातारं माणूस तासाभराहून अधिक वेळ फरशीवर एकाच अंगावर पडून राहिलं की स्नायू दबतात, अंगातलं पाणी कमी होतं, कातडीला जखमा होतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. पक्षाघाताचं तर घड्याळच वेगळं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास पहिलं लक्षण दिसल्यापासून मोजतात, दार उघडल्यापासून नाही.

आता निवड.

हाक ऐकणार कोण

बाजारात ढोबळमानाने दोन तऱ्हा आहेत. एकीत बटण दाबलं की कंपनीच्या कॉल सेंटरला फोन लागतो, तिथला माणूस बोलतो, मग पुढची सूत्रं हलवतो. याला महिन्याचं किंवा वर्षाचं शुल्क असतं. दुसरीत बटण थेट तुम्ही भरून ठेवलेल्या नंबरांवर एकामागोमाग एक फोन लावत जातं. यंत्राचे पैसे एकदाच, नंतर फक्त सिमचा रिचार्ज. घराजवळ दिवसरात्र फोन उचलणारी तीन-चार माणसं असतील तर दुसरी तऱ्हा पुरते. नसतील तर कॉल सेंटरच हवं. परदेशातल्या मुलाचा नंबर पहिला टाकू नका. कॅलिफोर्निया आपल्या साडेबारा तास मागे असतं, त्यांच्या हिवाळ्यात साडेतेरा. तो मीटिंगमध्ये असेल नाहीतर झोपेत. आणि जागा असला तरी तिथून त्याला आपला १०८ लागत नाही.

हीच मेख कॉल सेंटरच्या बाबतीतही आहे आणि विक्रेते ती आपणहून सांगत नाहीत. १०८ आणि ११२ हे नंबर ज्या राज्यातून लावाल त्या राज्याच्या यंत्रणेकडे जातात. कंपनीचं केंद्र गुरुग्रामला किंवा बेंगळुरूला असेल, तर तिथल्या खुर्चीवरून १०८ फिरवून सदाशिव पेठेत रुग्णवाहिका येणार नाही. मग ते काय करतात? कुणाचा पुण्यातल्या खासगी रुग्णवाहिकांशी करार असतो, कुणी फक्त तुमच्या शेजाऱ्याला फोन करतात आणि "तुम्ही १०८ ला कळवा" म्हणतात. दोन्ही चालेल, पण कुठलं ते आधी कळायला हवं. "पुण्यात गाडी कशी पाठवता, कुणाची, तिचे पैसे कोण देणार?" हा प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. "आमचं ऑल इंडिया नेटवर्क आहे काका" हे उत्तर नव्हे.

भाषेची चाचणी तर घ्याच. एका कंपनीचं बटण मी ताईकडे चाचणीसाठी लावलं होतं, नाव लिहीत नाही. रात्री उशिरा तिला दाबायला सांगितलं. पलीकडून आवाज आला, "मॅडम, अपना पिनकोड बताइए." ताईला हिंदी समजतं, पण तिनं मराठीतच सुनावलं, "अहो, मी पडलेय, पोस्टात आलेली नाहीये!" चाचणी होती म्हणून आम्ही हसलो. घाबरलेलं माणूस आपल्या आईच्या भाषेवर येतं, तेव्हा रात्रपाळीलाही मराठी बोलणारा माणूस असतो का, ते बघा. दिवसा डेमोच्या वेळी मराठी बोलणारी मुलगी असते, रात्री तिची पाळी संपलेली असते. शिवाय पिनकोड, पत्ता, मजला, आजार, औषधं हे बटण दाबताच त्यांच्या पडद्यावर दिसायला हवं. ते पुन्हा विचारायला लागत असतील तर तुम्ही पैसे कशाचे देताय?

आणखी एक विचारायचं. बटण दाबलं आणि कुणी बोललंच नाही तर? पक्षाघातात वाचा जाते, बेशुद्धीत तर प्रश्नच नाही. चांगल्या सेवेचा नियम असा असतो की उत्तर आलं नाही तर ती हाक खरीच धरायची आणि माणूस पाठवायचा. काही ठिकाणी "रिस्पॉन्स नाही" म्हणून फोन ठेवून देतात. चाचणीत गप्प बसून बघा.

सरकारी नंबर फुकट असताना हे कशाला, असंही लोक विचारतात. बरोबर आहे, ते पाठ हवेतच. ११२ वर पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका तिन्हींसाठी मदत मिळते. १०८ ची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, मोफत आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन माहितीसाठी, तक्रारीसाठी, आधारासाठी आहे. ती सकाळी आठ ते रात्री आठ चालते, पडलेल्या माणसाला उचलायला नाही. फोनमध्येही सोय आहे: साध्या बटणांच्या फोनमध्ये ५ किंवा ९ दाबून धरलं, आणि स्मार्टफोनमध्ये पॉवरचं बटण पटापट तीनदा, काही फोनमध्ये पाचदा दाबलं, की आपत्कालीन फोन लागतो. तुमच्या फोनवर नेमकं काय ते सेटिंगमध्ये बघून घ्या. हे सगळं उत्तम, फक्त पडताना फोन हातात असायला हवा. ताईचा फोन बहुधा फ्रिजवर असतो.

तार, सिम आणि गुरुवार

हा माझ्या आवडीचा भाग, जरा लांबेल.

जुन्या तांब्याच्या तारेवरचा फोन घरची वीज गेली तरी चालायचा. त्याला लागणारी वीज, ४८ व्होल्ट, एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांकडून त्याच तारेतून यायची. फायबर आलं आणि ती सोय गेली. काचेच्या तंतूतून प्रकाश येतो, वीज येत नाही. घरातली फायबरची डबी बंद पडली की तिच्यावरचा लँडलाइनही मुका. ब्रिटनमध्ये गळ्यातल्या बटणांची पद्धत फार जुनी, आणि ती सगळी लँडलाइनवर चालायची. तिथे जुन्या लाइनी बदलून डिजिटल करायला लागल्यावर काही जणांची बटणं ऐन वेळी चाललीच नाहीत. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये टेलिफोन कंपन्यांना सक्तीचं रूपांतर थांबवावं लागलं. तेव्हा कुणी तुम्हाला "लँडलाइनला जोडा, सगळ्यात भरवशाचं" असं सांगितलं, तर आधी लाइन तांब्याची की फायबरची ते बघा. पुण्यात आता बऱ्याच घरी फायबरच आहे.

पुण्यात गुरुवार हा महावितरणच्या दुरुस्तीचा वार, आणि बऱ्याचदा पाणी बंद असण्याचाही. सकाळी वीज गेली ती दुपारी येते. घरातल्या डब्याला, म्हणजे ज्याच्याशी गळ्यातलं बटण बोलतं त्या मुख्य यंत्राला, स्वतःची बॅटरी हवी आणि ती निदान दिवसभर टिकायला हवी. कागदावर काहीही लिहिलेलं असो, गुरुवारी सकाळी मुद्दाम प्लग काढा आणि संध्याकाळी बटण दाबा. वाय-फायवर चालणारं यंत्र असेल तर राउटरला आणि फायबरच्या डबीलाही इन्व्हर्टर किंवा छोटा यूपीएस लागेल, हे विक्रेता सांगत नाही. वीज गेल्याचा, बॅटरी उतरल्याचा, यंत्राचा संपर्क तुटल्याचा मेसेज केंद्राला आणि तुम्हाला आपोआप येतो का, तेही विचारून ठेवा.

सिमवर चालणारं यंत्र मला जास्त पटतं, पण तिथेही दोन खड्डे आहेत. स्वस्तातली बरीच यंत्रं फक्त २जीवर चालतात. जिओचं जाळं पहिल्यापासून ४जीचं, त्यात २जी नाहीच, त्यामुळे तसल्या यंत्रात जिओचं सिम घालून उपयोग नाही. शक्यतो ४जीवर कॉल करणारंच यंत्र घ्या, म्हणजे दोन-चार वर्षांनी अडगळीत जाणार नाही. दुसरा खड्डा रिचार्जचा. सिमची मुदत संपली की यंत्र बाहेरून तसंच दिसतं, दिवा लुकलुकतो, आणि फोन लागत नाही. सिम कुणाच्या नावावर, रिचार्ज कोण करणार, त्याची आठवण कुणाच्या फोनवर येणार, हे ठरवून ठेवा.

रेंजची मोजणी घरात फिरून करा. माहितीपत्रकावरचे मीटर मोकळ्या मैदानातले असतात. ताईच्या इमारतीत भिंती दीड फुटी आणि संडास बाहेरच्या गॅलरीत. मी तिच्या गळ्यात बटण घालून तिला न्हाणीघरात, गॅलरीत, गच्चीवर आणि जिन्याच्या वळणावर उभं केलं आणि दरवेळी दाबायला लावलं. गच्चीवर लागलं नाही. ताई उन्हाळ्यात पापड-कुरडया घेऊन गच्चीवर जाते, त्यामुळे ते बाद. न्हाणीघराची चाचणी दार लावून आणि नळ सोडून घ्या. नळाच्या आवाजात बाहेरच्या डब्यातला "आजी, ऐकू येतंय का?" ऐकू येत नाही. ज्या बटणातच स्पीकर आणि माइक असतो त्यात हा प्रश्न सुटतो, पण ते जड असतं आणि चार्ज करावं लागतं.

अंगावर राहील तेच खरं

नव्वदीपुढच्या माणसांवर केंब्रिजमध्ये झालेला एक अभ्यास २००८ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. घरात अलार्म असूनही, एकटं असताना पडलेल्या बहुतेकांनी तो वापरलाच नाही. कुणाच्या अंगावर नव्हता, कुणाला उगाच कुणाला त्रास कशाला असं वाटलं. आपल्याकडे हा दुसरा आजार जास्त. "एवढ्यासाठी कुठे त्यांना बोलवायचं" म्हणत आपली माणसं पहाटेपर्यंत पडून राहतील.

म्हणून आकार आणि जागा ज्याची त्याला ठरवू द्या. ताईला मनगटावरचं नको, बांगड्यांत अडकतं. गळ्यातलं मंगळसूत्रात गुंततं असं आमच्या सोसायटीतल्या एका काकूंचं म्हणणं. त्यांनी पोलक्याला लावायच्या क्लिपचं घेतलं. एका काकांनी जानव्याला किल्लीशेजारी बांधलंय. मला तरी ही जागा सगळ्यात पसंत पडली, कारण ते तिथून कधीच निघत नाही. दोरी गळ्यात घालणार असाल तर ओढ बसली की सुटणारी घ्या. साधी नायलॉनची दोरी दाराच्या कडीत किंवा पलंगाच्या खुंटाला अडकली तर फास बसू शकतो.

पाण्याचं बघा. न्हाणीघरात बटण काढून ठेवलं तर घेतलंच कशाला? आयपी६७ असं लिहिलेलं असेल तर ते धुळीला दाद देत नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतं; आंघोळीला भरपूर झालं. "वॉटर रेझिस्टंट" एवढंच लिहिलेलं असेल तर आकडा विचारा.

चार्जिंगचं यंत्र असेल तर वेळ ठरवून द्या, आणि ती रात्रीची नको. पहाटे संडासला उठताना पडणारे फार. ताई संध्याकाळी मालिका बघताना खुर्चीत बसून चार्जिंगला लावते, वायर पोचेल अशा अंतरावर. नुसतं बटण असलेली पेंडंटं घड्याळाच्या सेलवर वर्षांवर्षं चालतात. विसराळू माणसाला तीच बरी.

पडल्याचं आपोआप ओळखणारी यंत्रं आहेत. त्यांचा उपयोग आहे, पण विसंबू नका. ती झटका आणि त्यानंतरची स्थिरता ओळखतात. भिंतीला धरून हळूहळू घसरत खाली बसलेलं, पलंगावरून चादरीसकट सरकलेलं माणूस त्यांना पडल्यासारखं वाटेलच असं नाही. उलट मनगटावरचं यंत्र खलबत्त्यात दाण्याचं कूट करताना हाक मारून बसू शकतं. ॲपलच्या घड्याळात जोरात पडल्यावर माणूस मिनिटभर हललं नाही तर आपोआप आपत्कालीन फोन लावायची सोय आहे, पण साध्या मॉडेलला आयफोन जवळ लागतो आणि ते रोज चार्ज करावं लागतं. मुलं भेट म्हणून आणतात. ज्याने आयुष्यात आयफोन वापरला नाही त्याला ते देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

भिंतीवरचं बटण लावणार असाल तर ते विजेच्या बटणांच्या उंचीवर लावून घेऊ नका. इलेक्ट्रिशियन सवयीने तिथेच लावतो. पडलेल्या माणसाचा हात फरशीपासून फूटभर उंचीपर्यंत जातो. दोरीचं असेल तर दोरी जमिनीला जवळजवळ टेकायला हवी, आणि केर काढताना आड येते म्हणून ती कुणी वर गुंडाळून ठेवत नाही ना, तेही बघत राहायला हवं.

कॅमेऱ्याचं एका वाक्यात: झोपायच्या खोलीत आणि न्हाणीघरात नको, आणि बाहेरच्या खोलीतही ज्याचं घर आहे त्याने हो म्हटल्याशिवाय नको.

दार

एवढं सगळं जमलं आणि दाराला आतून कडी असली तर?

पुण्यातलं एकट्या म्हातारीचं दार डोळ्यासमोर आणा. बाहेर जाळीचा सेफ्टी डोअर, त्याला लॅच. आत सागवानी दार, त्याला दुसरं लॅच. वर टॉवर बोल्ट, मध्ये साखळी, खाली आणखी एक कडी. रात्री नऊनंतर हे सगळं लागलेलं. तुम्ही शेजारच्या वहिनींना किल्ली देऊन ठेवलेली असते ती लॅचची. कडी किल्लीने उघडत नाही. मग अग्निशमन दल, १०१, आणि दार फोडणं. ते येतात, चांगलं काम करतात, पण तेवढा वेळ गेलेला असतो.

ताईच्या घरी पहिलं काम सुताराचं निघालं, बटण नंतर आलं. वरचा बोल्ट आणि खालची कडी काढून टाकली. तिला सुरक्षित वाटावं म्हणून आतून-बाहेरून किल्लीने चालणारं जाड कुलूप बसवलं. आतून किल्ली तशीच लावून ठेवली तरी बाहेरून दुसरी किल्ली चालते, असं कुलूप मिळतं. दुकानात दोन्ही किल्ल्या एकाच वेळी घालून बघून घ्या. एक किल्ली शेजारी, एक तळमजल्यावरच्या औषधांच्या दुकानात, एक माझ्याकडे. वॉचमन असलेल्या सोसायटीत ऑफिसच्या कपाटात, बंद पाकिटात, सहीनिशी. आकडे जुळवून उघडायची छोटी पेटी दाराबाहेर लावून तिच्यात किल्ली ठेवायची पद्धतही आता आली आहे. आकडा केंद्राला सांगून ठेवायचा.

न्हाणीघराची कडी तर आधी काढा. बाहेरून नाण्याने फिरवता येईल असं कुलूप लावा. आणि दार आत उघडत असेल तर ते बाहेर उघडेल असं करून घ्या. आत पडलेलं माणूस दारालाच टेकलेलं असतं, आणि बाहेरून ढकलायला गेलं की त्यालाच लागतं. ताई म्हणाली, "लोक काय म्हणतील, न्हाणीला कडी नाही?" मी म्हटलं, "तू एकटी राहतेस, म्हणणारं आहे कोण?" त्यावर तिनं चहा टाकला, म्हणजे परवानगी मिळाली.

धावून येणारी माणसं

कागदावर "रिस्पॉन्डर" म्हणून ज्यांची नावं द्याल त्यांना आधी जाऊन भेटा. फोनवर नव्हे. किल्ली त्यांच्या हातात द्या, दार त्यांच्याकडून एकदा उघडून घ्या. केंद्राचा नंबर त्यांच्या फोनमध्ये नावासकट साठवा आणि फोन सायलेंटवर असला तरी वाजेल अशा यादीत घाला. अनोळखी नंबर आता कुणी उचलत नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. एक तरुण माणूस हवाच. शेजारचे आजोबा भले असतील, पण त्यांना स्वतःलाच जिना चढवत नाही.

लांबच्या नातेवाइकाला पहिल्या क्रमांकावर ठेवायचं कारण नाही. संध्याकाळी कोथरूडहून नळस्टॉप ओलांडून पेठेत पोचायला मला किती वेळ लागेल हे कुणीच सांगू शकत नाही, म्हणून मी यादीत तिसरा आहे. औषधवाला पहिला. त्याचं दुकान रात्री दहाला बंद होतं, मग शेजारच्या वहिनी पहिल्या. रात्रीचा क्रम वेगळा ठेवता येतो का ते कंपनीला विचारा.

पत्ता ठरावीक शब्दांत लिहून द्या. नुसतं घर क्रमांक आणि "सदाशिव पेठ" म्हणून कुणाला काही कळत नाही. कुठल्या चौकातून आत, कुठल्या हाताला, खाली कुठलं दुकान, कितवा मजला. जीपीएस इमारतीपर्यंत आणतो, मजला सांगत नाही. जिना अरुंद असेल आणि वळणावर स्ट्रेचर वळत नसेल तर तेही आधीच नोंदवा, म्हणजे येणारे त्या तयारीने येतील. पेठांतल्या लोकांनी विसर्जनाच्या दिवसाचा वेगळा विचार करावा. लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, कुमठेकर, केळकर, सगळे मिरवणुकीत. गाडी कुठपर्यंत येऊ शकते आणि तिथपर्यंत खुर्चीवरून कोण नेणार, हे मंडळाच्या पोरांशी बोलून ठेवा. ही पोरं अशा वेळी फार उपयोगी पडतात. ढोलांच्या आवाजात बटणातून कुणाचं बोलणं ऐकू येणार नाही, म्हणून त्या दोन दिवसांत ताई माझ्याकडे येते. पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी कक्ष आहे. एकटं राहणाऱ्याची माहिती जवळच्या पोलीस चौकीतही देऊन ठेवावी.

घरात फ्रिजच्या दारावर एक कागद: आजार, रोजची औषधं, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती ठळक, ॲलर्जी, डॉक्टर, कुठल्या हॉस्पिटलात फाइल आहे. ही माहिती कंपनीलाही द्यावी लागते, म्हणून ती कुठे साठवतात, कुणाला दाखवतात आणि सेवा बंद केल्यावर पुसतात का, ते विचारायला संकोच करू नका. त्यासाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे.

करार

इथे फार वेळ घालवायची गरज नाही, पण सही करण्यापूर्वी वाचा. यंत्र विकत की भाड्याने? अनामत परत मिळते का? मध्येच बंद केलं तर उरलेल्या महिन्यांचे पैसे? माणूस गेलं किंवा मुलाकडे राहायला गेलं तर? बिघडलं तर किती दिवसांत बदलून देणार आणि तोवर दुसरं मिळणार का? "रुग्णवाहिका मोफत" असेल तर किती किलोमीटरपर्यंत आणि वर्षातून कितीदा? आरोग्य तपासणी, किराणा, भजनाचा कार्यक्रम असली झालर लावून पॅकेज फुगवलेलं असतं. झालर नको, नुसती हाक-सेवा किती पडेल ते विचारा. बऱ्याचदा तसं पॅकेज असतं, फक्त माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

पैसे मुलाच्या कार्डावरून आपोआप कापले जात असतील तर कार्डाची मुदत संपली की सेवाही संपते, आणि ते कळवणारा मेसेज मुलाच्या जुन्या नंबरावर जातो. हप्ता चुकला तर सेवा लगेच तोडत नाहीत, आधी घरी फोन करतात, असं लेखी घ्या. वर्षाचे पैसे एकदम भरायला लावत असतील तर आधी महिनाभर वापरायला मागा. देत नसतील तर दुसरी कंपनी बघा. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

बटण घरी आलं की पहिले काही दिवस ते चुकून दाबलं जाणारच. कुशीवर वळताना, भांडी घासताना. केंद्राने दरवेळी "काही हरकत नाही आजी" म्हणायला हवं. चुकीच्या हाकेचे पैसे लावणारी किंवा वैतागणारी सेवा घेऊ नका, कारण एकदा ओरडा खाल्लेलं म्हातारं माणूस खऱ्या वेळीही दाबत नाही. आम्ही महिन्याचा पहिला गुरुवार चाचणीचा ठरवलाय. वीज गेलेली असताना ताई बटण दाबते, "चाचणी आहे" म्हणते, पलीकडचा माणूस तिचं नाव, मजला आणि पहिला फोन कुणाला करणार ते वाचून दाखवतो. मागच्या खेपेला त्याने औषधवाल्याचा जुना नंबर वाचला. त्याच दिवशी बदलून घेतला.